दृष्टी आणि नजर

मराठी भाषेने दृष्टी आणि नजर हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदविले असले, तरी त्यांच्याकडे कामे मात्र निरनिराळी सोपविली आहेत. एक शब्द संस्कृतातून आलेला, दुसरा अरबी-फारसीच्या वाटेने. दृष्टी असते किंवा नसते. ती अधू होते, मंदावते, जाते. नजर मात्र सदा चालती-फिरती. ती वळते, भिरभिरते, खिळते, ढळते. कोणी ती चुकवितो, कोणी ती ठेवतो. बोलण्याच्या ओघात दोहोंची सरमिसळ होते हे खरे, आणि मीठमोहऱ्या हाती घेतलेल्या आजीबाई तर दृष्ट आणि नजर एकदमच उतरवून टाकतात. तरीही दिसणे ही एक गोष्ट आणि जे पाहावयाचे त्याकडे डोळा वळविणे ही दुसरी, हा भेद आपल्या भाषेच्या अंगी मुरलेला आहे. शास्त्रज्ञांना हाच भेद मेंदूमध्ये सापडावयास विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले.

या महिन्यात त्याविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे. शाळामास्तराने मेंदूच्या कारभारात नाक खुपसण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, ज्याच्या उमेदीची सारी वर्षे मुलांच्या नजरा खिडकीकडून फळ्याकडे वळविण्यात गेली, त्याने त्या नजरा मुळात वळतात कशा हे जाणून घेणे अगदीच अनाठायी नाही. शिवाय हा विषय नुसत्या कुतूहलाचा नव्हे. वर्गातले एखादे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस 'बघून चालत नाही' म्हणून बोलणी खाते, त्यांतल्या काही बोलण्यांमागे निव्वळ आपले अज्ञान असते. ते दूर व्हावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

आरंभ घरच्या घरी करता येण्याजोग्या तीन गोष्टींनी करू. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरावा. त्याच्या नखाएवढा, म्हणजे जेमतेम दोन अंशांचा भागच काय तो आपणांस खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसत असतो. भोवतालचे बाकी सारे अंधूक. डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागी एक चिमुकली जागा असते. बारकावे टिपण्याची शक्ती तेथेच एकवटलेली आहे. मग समोरचा सगळा रस्ता, दुकानांच्या पाट्या, येणारी-जाणारी माणसे एकसारखी स्पष्ट का भासतात? कारण डोळा एका जागी ठरतच नाही. सेकंदाला सरासरी तीन वेळा तो येथून तेथे उडी घेतो. दिवसाकाठी या उड्या लाखाच्या वर भरतात. हृदयाच्या ठोक्यांचे आपणांस केवढे कौतुक. डोळ्यांच्या उड्या त्याहूनही अधिक.

दुसरी गोष्ट आरशाची. आरशासमोर उभे राहून आपल्याच डाव्या डोळ्याकडे पाहावे, मग उजव्या डोळ्याकडे, मग पुन्हा डाव्या. काही केल्या आपले डोळे हललेले आपणांस दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्वच्छ हलताना दिसतात. उडी चालू असते त्या निमिषभरात मेंदू आपणांस ते ओढलेले, फरफटलेले चित्र दिसूच देत नाही. नाटकात पडदा पाडून मागचा देखावा बदलावा, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की येथे पडदा पडल्याचेही प्रेक्षकाला कळत नाही.

तिसरी गोष्ट करावयास उत्तरायणाचा दिवस उत्तम. चौदा जानेवारीला वाडीतल्या गच्च्या माणसांनी फुलून गेलेल्या असतात. एखाद्या सरकत्या पतंगावर नजर ठेवली, म्हणजे डोळा अगदी अलगद, घसरत जावा तसा, त्याच्याबरोबर जातो. आता पतंग नसलेल्या मोकळ्या आकाशात तशीच नजर सावकाश फिरविण्याचा यत्न करावा. ते जमत नाही. सोबतीला हलती वस्तू नसेल, तर डोळा ठेचकाळत, उड्या घेतच जातो. आणि दूर कोपऱ्यात एखादा पतंग कापला जाऊन झुकला, की आपण ठरविण्याच्या आतच डोळे तिकडे धावलेले असतात. हा 'ठरविण्याच्या आतच' घडणारा व्यवहार हाच आजच्या लेखाचा गाभा.

वाचतानाही हेच घडते. आपणांस वाटते, की नजर ओळीवरून नदीच्या प्रवाहासारखी वाहत जाते. पॅरिस येथील नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास या समजाला तडा गेला. डोळा ओळीवरून वाहत नाही. तो थांबतो, उडी घेतो, पुन्हा थांबतो. थांबणे साधारण पाव सेकंदाचे, उडी त्याच्या दहाव्या हिश्श्याची. वाचन होते ते थांब्यांवर. मधूनमधून डोळा मागेही वळतो, आणि चांगल्या वाचकाचाही वळतो. आपल्या घरांतील मुले शिरोरेषा असलेली मराठी आणि शिरोरेषा नसलेली गुजराती अशा दोन्ही लिप्या वाचतात. दोहोंतही डोळ्याची चाल हीच. ज्या जाव्हाल यांचे नाव या शोधाशी जोडले गेले, त्यांना पुढे काचबिंदूने अंधत्व आले, ही दैवाची क्रूर थट्टाच म्हणावयाची.

आता प्रश्न असा, की या उड्यांचा हुकूम देतो कोण?

मेंदूचे आपल्या परिचयाचे रूप म्हणजे अक्रोडासारखा सुरकुतलेला मोठा मेंदू. त्याच्या पोटाखाली, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू वर येऊन जेथे मेंदूला मिळतो, तेथे एक देठासारखा भाग आहे. या देठाचा सर्वांत वरचा पेर म्हणजे मध्यमेंदू. लांबी फार तर दोन सेंटिमीटर. त्याच्या मागच्या अंगाला वाटाण्याएवढे चार उंचवटे असतात, दोन वर आणि दोन खाली. लॅटिन भाषेत लहानशा टेकडीला कॉलिक्युलस म्हणतात, त्यावरून वैद्यकाने वरच्या जोडीला सुपीरिअर कॉलिक्युलस असे नाव दिले. नाव जड आहे. या लेखापुरते आपण त्यांना नजरेच्या टेकड्या म्हणू. खालची जोडी ऐकण्याच्या कामातील. वरच्या जोडीपाशीच, मध्यमेंदूच्या गाभ्यात, डोळे हलविणाऱ्या मज्जातंतूंची उगमस्थाने आहेत. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू. त्यांपैकी चार स्नायू मेंदूच्या तिसऱ्या मज्जातंतूच्या ताब्यात, एक चौथ्याच्या आणि एक सहाव्याच्या. तिसरा आणि चौथा मध्यमेंदूतून निघतात. सहावा त्याखालच्या पॉन्स नावाच्या भागातून.

नजरेच्या टेकड्यांची रचना थरांची आहे. वरच्या थरांत डोळ्याच्या पडद्याकडून आलेली वार्ता पोचते, आणि ती कशीही विखुरलेली नसते, तर नकाशासारखी मांडलेली असते. डाव्या टेकडीवर उजवीकडच्या जगाचा नकाशा, उजव्या टेकडीवर डावीकडच्या जगाचा. खालच्या थरांत कानांकडून आणि त्वचेकडून आलेल्या वार्ताही त्याच नकाशावर बसविलेल्या असतात. म्हणून अरुंद गल्लीत पाठीमागून स्कूटरचा भोंगा वाजला, की डोळे आणि मान बरोबर त्या बाजूला वळतात. कान कोठल्या बाजूला ऐकतो आणि डोळ्याने कोठे वळावे, यांचा मेळ घालणारी जागा हीच.

या नकाशाची खातरजमा १९७२ साली झाली. अमेरिकेतील डेव्हिड रॉबिन्सन यांनी जाग्या माकडाच्या या टेकडीवर एका ठिकाणी विजेचा अगदी सौम्य स्पर्श केला. माकडाच्या डोळ्यांनी ठरावीक दिशेला, ठरावीक अंतराची उडी घेतली. विजेचा जोर वाढविला तरी उडी तेवढीच. जागा बदलली, की मात्र उडीची दिशा आणि लांबी बदले. म्हणजे हुकूम जोराने दिला जात नाही, तर जागेवरून दिला जातो. त्याच वर्षी रॉबर्ट वुर्ट्‌झ आणि मायकेल गोल्डबर्ग यांनी दाखवून दिले, की डोळा हलण्यापूर्वी क्षणभर आधी या टेकडीतील पेशी खळबळून उठतात. नजर वळण्याआधी नजरेचा निर्णय तेथे उमटलेला असतो.

आणि दृष्टी? तिचे काय? १९६९ साली गेराल्ड श्नायडर यांनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर केलेले प्रयोग येथे सांगणे अगत्याचे आहे. ज्या प्राण्यांच्या या टेकड्या निकामी केल्या, त्यांना निरनिराळ्या आकृत्यांतील फरक ओळखता येई. पण बाजूला धरलेल्या सूर्यफुलाच्या बीकडे त्यांचे तोंड वळेना. ज्यांच्या मोठ्या मेंदूतील दृष्टीचा भाग काढून टाकला होता, ते बीकडे अचूक वळत. पण आकृत्या ओळखणे त्यांना साधेना. एकाला 'हे काय आहे' हे कळत होते, दुसऱ्याला 'ते कोठे आहे' हे. दृष्टी आणि नजर यांची फारकत याहून स्पष्ट कशी व्हावी!

बेडूक, मासे आणि पक्षी यांच्यात मोठा मेंदू आपल्याइतका वाढलेला नसल्यामुळे पाहण्याचा मुख्य कारभार या टेकड्यांच्याच पूर्वजाकडे असतो. माशीवर जीभ फेकणारा बेडूक त्याच्याच हुकमाने ती फेकतो. माणसात मोठ्या मेंदूचा दर्शनी भागही नजरेला हुकूम देतो, आणि पुष्कळदा तो टेकड्यांमार्फतच देतो. माकडांवरील प्रयोगांत असे आढळले, की या दोहोंपैकी एक निकामी झाला तर दुसरा बराचसा भार उचलतो. दोन्ही गेले तर मात्र नजर जवळजवळ गोठते. जुन्या वाड्यावर नवे मजले चढविले, तरी विहीर जुनीच वापरात असावी, तसे हे.

नवे मजले काय करू शकतात, याचे उदाहरण आपल्या बडोद्याच्या मैदानावरून देता येईल. १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही जोडीने केलेली ती सर्वांत मोठी भागी होती, आणि २००६ पर्यंत तो विक्रम अबाधित राहिला. असा फलंदाज चेंडूवर अखंड नजर ठेवून खेळतो, असे आपण म्हणतो. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, तेव्हा निराळेच दिसले. चेंडू सुटताना नजर त्यावर असते. मग ती चेंडूला सोडून पुढे उडी घेते आणि चेंडू जेथे टप्पा घेणार त्या जागेवर जाऊन वाट पाहत थांबते. जो फलंदाज अधिक चांगला, त्याची ही उडी अधिक लवकर. जलद गोलंदाजाचा चेंडू पोचावयास अर्धा सेकंदच लागतो. मागे मागे धावणाऱ्या नजरेला तो सापडणार नाही. अनुभवाने आलेले शहाणपण वरून सांगते आणि नजर त्या जागी आधी जाऊन बसते. शिक्षण म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते?

नजर वळविण्याइतकेच ती न वळू देणेही महत्त्वाचे. द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा सर्वांच्या परिचयाची आहे. अर्जुनाला झाड दिसेना, फांदी दिसेना, पक्ष्याचा डोळा तेवढा दिसे. या एकाग्रतेची जागाही मध्यमेंदूतच आहे. तेथे काळसर रंगाचा एक पट्टा असतो. त्याच्या रंगावरूनच त्याला सबस्टॅन्शिआ नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ, असे नाव पडले. कंपवाताच्या रोगात जो झिजतो तोच हा भाग. त्याच्या एका अंगातील पेशी नजरेच्या टेकड्यांना सतत थोपवून धरतात, बैलाच्या वेसणीसारख्या. ओकिहिदे हिकोसाका आणि वुर्ट्‌झ यांनी १९८३ साली दाखविले, की उडी घ्यावयाची तेव्हा ही वेसण क्षणभर सैल पडते. नजर खिळते ती वेसण धरलेली असते म्हणून, आणि वळते ती वेसण सुटते म्हणून. खिळलेल्या नजरेतही अतिसूक्ष्म हालचाली चालूच असतात. प्रतिमा पडद्यावर अगदी तसूभरही न हलेल अशी युक्ती केली, तर ती काही क्षणांत विरून दिसेनाशी होते. अर्जुनाचाही डोळा अगदी निश्चल नव्हताच.

ही वेसण जन्मतः पक्की नसते. पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्याकडे तान्ह्या मुलाचे डोळे वळतात, ते पहिल्या दोन महिन्यांत मुख्यतः या जुन्या टेकड्यांच्याच बळावर, असे अनेक संशोधकांचे मत आहे. मोठ्या मेंदूचा अंमल त्यांवर हळूहळू बसतो. याची एक साधी परीक्षा आहे. मुलाला सांगावयाचे, की मी उजवीकडे बोट हलविले तर तू डावीकडे पाहा. मोठ्या माणसाला हे बहुतेक वेळा साधते. पाच-सहा वर्षांचे मूल मात्र सूचना पूर्ण समजूनही पुन्हा पुन्हा बोटाकडेच पाहते, आणि आपले चुकले हे कळून हसतेही. हे सामर्थ्य पौगंडावस्थेपर्यंत वाढत राहते. आमच्या शिक्षकबंधूंना आमचे सांगणे एवढेच, की दार करकरले आणि पहिलीच्या वर्गातील चाळीस माना तिकडे वळल्या, तर तो बेशिस्तीचा पुरावा नव्हे. त्या वयाच्या मेंदूची ती रीतच आहे. दारावरून रागावण्यापेक्षा दाराच्या बिजागरीला तेल घालणे अधिक शहाणपणाचे.

वाचनात मागे पडणाऱ्या मुलांविषयीही येथेच बोलून घेऊ. अशा मुलांचे डोळे ओळीवर अधिक वेळा थांबतात, अधिक वेळा मागे वळतात, हे खरे आहे. त्यावरून डोळ्यांचे व्यायाम करवून वाचन सुधारण्याचे वर्ग निघाले आणि पालक त्यांवर पैसा खर्च करू लागले. संशोधनाचा कौल निराळा आहे. बहुतेक मुलांमध्ये डोळ्यांचे हे अडखळणे वाचनाच्या अडचणीचे कारण नसून परिणाम असतो. शब्द उलगडत नाही म्हणून डोळा मागे वळतो. मुलाला कठीण ऐवजी सोपा उतारा दिला, की त्याच्या डोळ्यांची चालही सुधारते. तेव्हा डोळे एकदा नेत्रतज्ज्ञाला अवश्य दाखवावे, चष्मा लागत असल्यास द्यावा. आणि मग अक्षर, ध्वनी व शब्द यांच्याकडेच वळावे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वाचता न येणारे मूल हा घरचा खासगी प्रश्न नाही, ही जाणीव बडोद्याला तेव्हापासूनची आहे.

आता या विषयाच्या अवघड भागाकडे येतो. नजरेचे हे यंत्र बिघडले, तर काय होते?

आमच्या परिचयातील एका गृहस्थांची हकीकत सांगतो. नोकरीतून निवृत्त झालेले, वय पासष्टीच्या पुढचे, जन्मभर टापटिपीचे. हळूहळू त्यांच्या सदऱ्यावर वरणाचे डाग दिसू लागले. पानातील लोणच्याकडे हात जाई तो भलतीकडेच पडे. जुन्या घराचा उभा लाकडी जिना, धरावयास दोर. त्या जिन्यात ते दोनदा पडले. कधी कधी तर सपाट जमिनीवरही मागच्या मागे कोसळत. घरातून सारखे ऐकू येई, “अहो, खाली बघून उतरा ना!” आणि ते कळवळून उत्तर देत, “बघतोच आहे गं!” वर्षभरात तीनदा चष्मा बदलला. प्रत्येक वेळी तक्त्यावरची अक्षरे त्यांना नीट वाचता येत, त्यामुळे घरच्यांची खात्रीच पटली की हा हट्टीपणा आहे, नाहीतर वार्धक्याचा विसराळूपणा.

शेवटी एका मज्जाविकारतज्ज्ञाने त्यांना समोर बसवून, मान न हलविता, बोट वरून खाली जाईल तसे पाहावयास सांगितले. डोळे मध्यावर येऊन थांबले, खाली जाईनात. मग डॉक्टरांनी त्यांना आपल्या चेहऱ्याकडे पाहत राहावयास सांगून त्यांची हनुवटी हलकेच वर उचलली. आणि त्याच क्षणी तेच डोळे खोबणीत बरोबर खाली गेले! स्नायू शाबूत होते, मज्जातंतू शाबूत होते. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा हुकूम डोळ्यांपर्यंत पोचत होता. पोचत नव्हता तो 'खाली पाहा' हा वरून आलेला हुकूम. दृष्टी उत्तम होती. नजर गेली होती.

या रोगाला प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी म्हणतात. कॅनडातील टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्हस्की या तिघांनी १९६३-६४ मध्ये त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. बहुधा साठीच्या आसपास सुरू होणारा हा रोग दुर्मीळ आहे आणि आरंभी तो पुष्कळदा कंपवात समजला जातो. पण कंपवाताच्या औषधाचा त्यात फारसा उपयोग होत नाही. यात मध्यमेंदू झिजतो, एम.आर.आय. चित्रात तो आक्रसलेला दिसतो. डोळे वर-खाली नेणाऱ्या उड्यांचे केंद्र मध्यमेंदूत असते आणि आडव्या उड्यांचे त्याखालच्या पॉन्समध्ये. म्हणूनच या रोगात आधी वर-खाली पाहणे जाते आणि आडवे पाहणे मागाहून बिघडते. रोग समूळ बरा करणारे औषध आज नाही. पण निदानाने काहीच साधत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. त्या गृहस्थांच्या घरात निदानानंतर पहिली गोष्ट जी बदलली, ती म्हणजे त्यांच्याशी बोलण्याचा सूर.

डोळ्यांच्या उडीवरून रोग ओळखण्याच्या या विद्येत आपल्या मुंबईचाही वाटा आहे, आणि तो जगाने मान्य केलेला आहे. जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशिर वाडिया यांच्यासमोर काही कुटुंबे आली. चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे हा विकार त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता. अशी कुटुंबे अन्यत्रही वैद्यांनी पाहिली होती. डॉ. वाडियांनी त्यांचे डोळे निरखले. या रुग्णांचे डोळे उडी घेत नव्हते. ते सरपटत होते. एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे पाहावयास सांगितले, की नजर सावकाश, ओढत नेल्यासारखी जाई. १९७१ साली डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनी अशा नऊ कुटुंबांचे वर्णन 'ब्रेन' या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध केले. या विकारात मुख्य हानी होते ती मध्यमेंदूखालच्या पॉन्समध्ये, जेथे उडीला वेग देणाऱ्या पेशी असतात. पुढे १९९६ साली या विकारामागील जनुकाचा शोध लागला, आणि १९९८ मध्ये डॉ. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जनुकाच्या कसोटीला उतरलेल्या सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास मांडून, सरपटणारी नजर ही निदानाची केवढी मोठी खूण आहे हे दाखवून दिले. २०१२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २०१६ साली ते निवर्तले. आम्हांस या कथेत विशेष वाटते ते हे, की मूळ शोधाला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. दोन बोटे, आणि रुग्णाकडे धीराने पाहणारी एक नजर, एवढ्यावर तो लागला.

म्हणून घरोघरच्या वाचकांना काही गोष्टी सांगून ठेवतो. वयस्क माणूस चष्मा ठीक असूनही वारंवार पडू लागले, विशेषतः मागच्या बाजूला. जिना उतरताना अडखळू लागले. ताटातील पदार्थ त्याच्याकडून सांडू लागले. डोळ्यांची उघडझाप कमी होऊन चेहरा टक लावल्यासारखा दिसू लागला, तर केवळ चष्म्याच्या दुकानात न जाता मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवावे. कुटुंबात तोल जाण्याचा विकार वडिलांकडून वा आईकडून चालत आलेला असेल, तर डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा. लाजेने झाकू नये. अशा आनुवंशिक विकारात प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो, तेव्हा लग्नाच्या बोलण्याआधी योग्य सल्ला घेणे हे दोन्ही घरांच्या हिताचे असते.

तान्ह्या मुलाचे डोके भराभर मोठे होत असेल आणि त्याचे डोळे मावळत्या सूर्यबिंबासारखे खाली झुकलेले, वरचा पांढरा भाग उघडा टाकणारे दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मेंदूत पाणी साठून मध्यमेंदूच्या मागच्या बाजूवर दाब आल्याची ती खूण असू शकते. वर पाहता न येण्याच्या या विकाराचे वर्णन पॅरिसच्या आंरी पारिनो यांनी १८८३ सालीच केले होते, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर मूल वाचते. तसेच कोणत्याही वयात एकाएकी पापणी खाली पडली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि सोबत तीव्र डोकेदुखी असली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जावे.

ज्यांच्या घरी खाली न पाहू शकणारे माणूस आहे, त्यांना पैसे न लागणारे काही उपाय करता येतात. ताट पाटावर वा उंच स्टुलावर ठेवून ते नजरेच्या रेषेत आणावे. जिन्याच्या प्रत्येक पायरीची कड पांढऱ्या रंगाने रंगवावी, आणि उतरताना एकाने पुढे असावे. पायपुसणी, सतरंज्या, उंबऱ्याजवळचे चपलांचे जोड वाटेतून हलवावेत. वर दूरचे आणि खाली जवळचे अशा दुहेरी भिंगांच्या चष्म्याचा त्यांना उपयोग होत नाही, कारण खालच्या भिंगातून पाहावयाचे तर नजर खाली न्यावी लागते. वाचनाचा चष्मा वेगळा करून घ्यावा आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर उभे धरावे. वाडीसारख्या जुन्या वस्तीतील घरांचे जिने उंच आणि अंधारे आहेत. ते पाडून नवे करणे सर्वांना परवडणार नाही. रंगाचा एक डबा आणि एक चांगला दिवा मात्र कोणासही परवडेल.

“लक्ष कुठं आहे तुझं?” हा प्रश्न आपल्या घरांत आणि शाळांत दिवसातून किती वेळा विचारला जात असेल, याची गणतीच नाही. तो पुष्कळदा योग्यही असतो. पण ज्याला तो विचारावयाचा, त्याची नजर त्याच्या ताब्यात आहे ना, एवढे आधी पाहून घेतले, तर काही मुलांचे अश्रू आणि काही वृद्धांची हाडे वाचतील.